पोर्ट करण्याआधी आखाड्यावर रेंज बघा

परभणीजवळच्या झरीसारख्या गावात मोबाईलची कंपनी बदलायचं बहुतेक वेळा रागाच्या भरात ठरतं. शेतातल्या आखाड्यावरून फोन लागत नाही, पीएम किसानची ई-केवायसी करताना ओटीपी येत नाही, नाहीतर महिना पुरा व्हायच्या आतच रिचार्ज संपल्याचा मेसेज येतो. मग कामानिमित्त परभणीला गेलेला माणूस रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या सिमवाल्यापुढे अंगठा ठेवतो आणि नवं सिम घेऊन गावी येतो. राग खोटा नसतो. पण नियम असा आहे की एकदा पोर्ट केलेला, म्हणजे तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे नेलेला नंबर पुढचे ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही. पेरणीच्या सुमारास निवड चुकली तर पोळ्यापर्यंत त्याच कंपनीबरोबर दिवस काढावे लागतात. म्हणून आधी चार-आठ दिवस काढून थोडी पाहणी करा, एवढंच माझं सांगणं आहे.

मुळात नंबर तुमचा आहे आणि तो घेऊन दुसरीकडे जायचा हक्कही तुमचा आहे. ही सोय नोव्हेंबर २०१० मध्ये आधी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. सुरुवातीला ती एकाच सर्कलपुरती होती. ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलचा नंबर दुसऱ्या सर्कलमध्येही नेता येऊ लागला. आपल्याकडे हा फरक महत्त्वाचा आहे. टेलिकॉमच्या हिशेबात मुंबई वेगळं सर्कल आहे आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र वेगळं. पुण्याला कामाला असलेल्या मुलाचा नंबर आणि झरीतला नंबर एकाच सर्कलमधले, पण मुंबई किंवा हैदराबादचा नंबर गावी आणायचा तर तो सर्कलबाहेरचा. सर्कलच्या आतलं पोर्टिंग कामाच्या तीन दिवसांत व्हावं आणि बाहेरचं पाच दिवसांत, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणानं म्हणजे ट्रायनं १६ डिसेंबर २०१९ पासून ठरवून दिलं आहे. 'कामाचे' हा शब्द लक्षात ठेवा. मध्ये रविवार किंवा दिवाळीची सुट्टी आली तर ते दिवस यात धरत नाहीत.

आता जुनी कंपनी मुदतीआधी सोडायची तर नेमकं काय अडतं ते पाहू. परदेशात लोक दोन-दोन वर्षांच्या करारावर फोन घेतात आणि मध्येच सोडलं तर दंड भरतात. आपल्या गावांत बहुतेक सगळ्यांचं प्रीपेड असतं, त्यामुळे तशी कागदावरची सही नसते. तरी पैसे अडकतात, ते आगाऊ भरलेल्या पॅकमध्ये. पोर्ट झालं की जुन्या सिमवरचा बॅलन्स, उरलेला डेटा आणि पॅकचे उरलेले दिवस सगळं बुडतं. ते नव्या कंपनीकडे जात नाही आणि परतही मिळत नाही. वर्षाचा पॅक मारून चार महिन्यांत कंपनी सोडणारा माणूस आठ महिन्यांचे पैसे सोडून देतो. म्हणून माझा सल्ला असा की रेंजची खात्री नसेल तोवर वर्षाचा पॅक मारूच नका, स्वस्त पडत असला तरी. आणि मारलेला असेल तर पॅक संपायच्या आठवडाभर आधी पोर्टची तयारी सुरू करा.

पोस्टपेडवाल्यांचं थोडं वेगळं आहे. मुदत टळून गेलेलं बिल थकलेलं असेल तर पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. कनेक्शन घेताना हप्त्यावर हँडसेट किंवा किमान काही महिने राहण्याची अट कबूल केलेली असेल तर ती आधी पुरी करावी लागते, नाहीतर त्यात लिहिलेली रक्कम भरून मोकळं व्हावं लागतं. तो कागद शोधा. सापडला नाही तर कंपनीच्या केंद्रावर जाऊन 'सोडताना काय भरावं लागेल' हे लिहून मागा. सुरुवातीला ठेव भरली असेल तर तीही परत मागायची. पोर्ट झाल्यावर शेवटच्या काही दिवसांचं एक बिल मागाहून येतं. बरेच जण 'आता आपला काय संबंध' म्हणून ते तसंच ठेवतात. हे बिल थकलं तर जुन्या कंपनीच्या तक्रारीवरून नव्या कंपनीत चालू असलेला नंबरही बंद होऊ शकतो. ते भरून पावती जपून ठेवा.

हँडसेटचंही एक बंधन असतं, ते दुकानात फारसं कुणी सांगत नाही. जिओभारतसारखे कमी किमतीचे फोन त्याच कंपनीच्या सिमवर चालतात. नंबर दुसरीकडे नेला तर फोनही दुसरा घ्यावा लागतो. याची उलट बाजू आजोबांच्या जुन्या बटणफोनची. जिओचं जाळं सुरुवातीपासून फोरजीचं आहे, त्यात टूजी नाहीच. साध्या टूजी फोनमध्ये ते सिम घातलं तर फोन लागणार नाही. पॅकचा दर पाहण्याआधी घरातले सगळे फोन टेबलावर मांडा आणि कोणता टूजीचा, कोणता फोरजीचा हे बघा. बीएसएनएलकडे जायचं मनात असेल तर आणखी एक तपासणी करा. त्यांचं नवं फोरजी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही चालतं. हा पट्टा लांबपर्यंत पोहोचतो, भिंतीतूनही बरा शिरतो, पण काही जुन्या फोरजी फोनमध्ये तो नसतो. फोनच्या माहितीत 'बँड २८' आहे का ते दुकानदाराकडून बघून घ्या.

आता रेंजचा मुद्दा. कोणती कंपनी चांगली, असं विचारलं तर एका शब्दात उत्तर देणारा माणूस तुमच्या शेतात कधी गेलेला नसतो. परभणीत स्टेशनजवळ किंवा मोंढ्यात चारही कंपन्या छान चालतील. त्यावरून जिंतूर रस्त्यावरच्या झरीचं काही कळत नाही आणि झरीच्या बसस्टँडवरून तुमच्या आखाड्याचं काही कळत नाही. टॉवरपासून किलोमीटर-दोन किलोमीटर आत गेलं, वाटेत झाडी किंवा थोडा उंचवटा आला की चित्र पालटतं. घराचाही फरक पडतो. जाड मातीच्या भिंतींच्या माळवदाच्या घरात आणि पत्र्याच्या छपराखाली अंगणातली रेंज निम्मीही उरत नाही. स्लॅबच्या घरात खिडकीजवळ बरं असतं.

पाहणी अशी करा. पोर्ट करायच्या आधी जी कंपनी मनात आहे तिचं सिम शेजाऱ्याकडून किंवा भावकीतल्या कुणाकडून एक-दोन दिवस मागून घ्या. फोन दोन सिमचा असेल तर त्याहून सोपं: त्या कंपनीचं एक नवं प्रीपेड सिम घेऊन सगळ्यात लहान रिचार्ज मारा आणि महिनाभर जुन्याच्या जोडीला चालवा. शे-दोनशे रुपये जातात, पण मुख्य नंबर ९० दिवस अडकत नाही. मग तीन ठिकाणी बघायचं: आतल्या खोलीत, आखाड्यावर आणि तुमचं माणूस जिथं रोज असतं तिथं, म्हणजे शाळा, दुकान किंवा विहिरीजवळ. प्रत्येक ठिकाणी फोन लावून दोन मिनिटं बोला, कारण काड्या भरलेल्या दिसतात आणि आवाज मात्र तुटत असतो. स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली 'सिम स्टेटस' असतं, तिथं रेंज आकड्यात दिसते. आकडा उणे असतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११० च्या पुढे गेला तर बोलणं तुटणार. दोन कंपन्यांची तुलना करायला काड्यांपेक्षा हा आकडा खरा.

आणि वेळ बदलून बघा. दुपारी बारा वाजता नेट पळतं आणि रात्री नऊला, जेवणं उरकून सगळं गाव मोबाईल घेऊन बसलं की तेच नेट अडखळतं. टॉवर तोच असतो, वाटेकरी वाढलेले असतात. त्याहून मोठी परीक्षा लाईट गेल्यावर असते. काही टॉवरची बॅटरी तासन्‌तास चालते, काहींची अर्ध्या तासात मान टाकते. वादळी पावसात वीज गेलेली असताना, विजांच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप बघायची वेळ येते तेव्हा कोणत्या कंपनीची रेंज टिकते, हे गावात विचारा. ते कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही, पण शेजाऱ्याला नक्की माहीत असतं.

ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीनं आपल्या संकेतस्थळावर टूजी, फोरजी, फाइव्हजी कुठे कुठे पोहोचतं याचा नकाशा ठेवायचा आहे. हे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. नकाशा जरूर बघा. जिथं रंगच नाही ती कंपनी पहिल्या फटक्यात बाद करता येते. पण रंग आहे म्हणून आतल्या खोलीत फोन लागेल असं धरू नका, तो अंदाज उघड्यावरचा असतो.

नुसता दर पाहून पळण्याचं काय होतं हे २०२४ मध्ये देशानं पाहिलं. त्या जुलैच्या सुरुवातीला तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. २८ दिवसांचा, रोज दीड जीबीचा जिओचा पॅक २३९ वरून २९९ ला गेला. वर्षात असे १३ रिचार्ज बसतात, म्हणजे एका फोनमागे ७८० रुपये वाढले. चार फोनच्या घराला हा भार जाणवणारच. बीएसएनएलनं दर वाढवले नाहीत आणि त्या एका महिन्यात त्यांचे २९ लाखांहून जास्त ग्राहक वाढले. नोव्हेंबरमध्ये मात्र आकडा पुन्हा घटू लागला. माझ्या मते यातल्या बऱ्याच जणांनी दर पाहिला आणि रेंज पाहिली नाही. त्यानंतर २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी बनावटीच्या फोरजी जाळ्याचं, ९७ हजार ५०० टॉवरचं उद्घाटन झालं. तेव्हा 'बीएसएनएलला नेट नाही' हे जुनं मत धरून बसणंही बरोबर नाही. पुन्हा एकदा शेतात उभं राहून बघावं.

दराचा हिशेब करताना पॅकची किंमत नुसती बघू नका, तिला दिवसांनी भागा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. म्हणूनच बारा महिन्यांत तेरावा रिचार्ज करावा लागतो. ट्रायनं २०२२ मध्ये सगळ्या कंपन्यांना किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायला लावलं. दुकानदार ते आपणहून दाखवत नाहीत, मागून घ्यावे लागतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना नेट लागत नाही, नुसतं बोलणं लागतं. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ च्या आदेशानं फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आले. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचा असा पॅक १८४९ रुपयांना ३६५ दिवस होता आणि जिओचा १७४८ रुपयांना ३३६ दिवस. दुसरा शंभर रुपयांनी स्वस्त दिसतो, पण दिवसाला पडतो पाच रुपये वीस पैसे, पहिला पाच रुपये सात पैसे. हे दर बदलत राहतात, भागाकार मात्र आपल्याला दर वेळी करता येतो. ज्यांच्याकडे सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, त्यांनी लांब मुदतीचा पॅक तेव्हा मारावा. तोवर रेंजची पाहणी झालेली असली पाहिजे.

सगळं ठरलं की पोर्टिंग अगदी सोपं आहे. जुन्या सिमवरून १९०० या क्रमांकाला मेसेज करायचा: इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट', एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर. रिचार्ज संपलेला असला, पॅकमध्ये एसएमएस नसले तरी १९०० ला मेसेज गेलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. नुसता कोड मिळवण्यासाठी महागडा रिचार्ज मारू नका. थोड्या वेळात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तुम्ही पात्र नसाल, म्हणजे ९० दिवस झाले नसतील किंवा बिल थकलं असेल, तर कोडऐवजी कारण येतं. हरवलेलं किंवा खराब झालेलं सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. हा नियम १ जुलै २०२४ पासून आला. दुसऱ्याच्या नंबरचं सिम फसवून काढायचं आणि लगेच पोर्ट करून पसार व्हायचं, हा चोरांचा मार्ग त्यानं आवळला.

कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. इथं डोळे उघडे ठेवायचे. अंगठ्याच्या यंत्रावर एकदा बोट ठेवलं की दुकानदार म्हणतो, "बोट लागलं नाही मामा, पुन्हा ठेवा." कापूस वेचून, खुरपून झिजलेली बोटं खरंच लागत नाहीत कधीकधी. पण प्रत्येक वेळी पडद्यावर काय लिहून आलं ते वाचून घ्या किंवा बरोबरच्या शिकलेल्या पोराला वाचायला सांगा, कारण त्या दुसऱ्या अंगठ्यावर तुमच्या नावानं आणखी एक सिम चालू होऊ शकतं. आठ-दहा दिवसांनी केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर किंवा ॲपवर तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते तपासा. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच 'माझा नाही' असं कळवता येतं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम चालत नाहीत आणि तुमच्या नावावरच्या सिमनं कुणी फसवणूक केली तर पहिली विचारपूस तुमच्याकडेच होते. तो आठ अक्षरांचा कोडही फोनवर कुणालाच सांगायचा नाही, समोरचा कितीही 'कंपनीतून बोलतोय' म्हणाला तरी.

अर्ज दिल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० लाच 'कॅन्सल' आणि नंबर असा मेसेज इंग्रजी अक्षरांत करून तो थांबवता येतो. नाहीतर नवी कंपनी पोर्टिंग कधी होणार ते कळवते. तोवर जुनं सिम फोनमध्येच राहू द्या. जुन्या सिमची रेंज पूर्ण गेली की नवं घाला. मध्ये साधारण चार तासांपर्यंत फोन बंद राहू शकतो, बहुतेक वेळा हे रात्रीच होतं. बटणफोन वापरणाऱ्यांनी एक काम आधीच करावं. त्यांचे सगळे नंबर पुष्कळदा सिममध्येच जतन केलेले असतात. ते फोनमध्ये उतरवा किंवा वहीत लिहून काढा. नाहीतर सोयरेधायरे, डॉक्टर, ट्रॅक्टरवाला, सगळे नंबर जुन्या सिमबरोबर जातात.

दिवस निवडताना ओटीपीचा विचार करा. बँक, पीएम किसान, लाडकी बहीण, पीकविमा, रेशन, सगळं एका नंबरवर येऊन थांबलं आहे. खरिपाच्या पीकविम्याची मुदत साधारण जुलैअखेर संपते. त्या आठवड्यात किंवा बँकेत कर्जाचं काम चालू असताना पोर्ट करू नका. सिम बदललं की फोनपे, गुगलपेसारखी ॲप बहुधा नंबर पुन्हा पडताळायला लावतात, तेवढा एक दिवस हाताशी ठेवा. व्हॉट्सॲपला काही होत नाही, नंबर तोच असतो.

नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल तर? पुष्कळ घरांत बाईचा नंबर नवऱ्याच्या नावावर, आईचा मुलाच्या नावावर असतो. कधी वारलेल्या वडिलांच्या नावावरचं सिम तसंच चालू असतं. पोर्ट करताना नाव बदलून मिळत नाही. आधी आहे त्याच कंपनीत कागदपत्रं देऊन नंबर आपल्या नावावर करून घ्यायचा, ते काम पुरं झाल्यावर मग पोर्ट. घरातल्या बायकांचे नंबर त्यांच्याच नावावर असावेत, हे मी आग्रहानं सांगतो. खातं त्यांचं, ओटीपी त्यांचा, तर सिमही त्यांचंच हवं. दोन सिम चालवणाऱ्यांनी दुसऱ्या नंबरकडेही लक्ष ठेवावं. ९० दिवस काहीच वापर नसला आणि शिलकीत वीस रुपयेही नसले तर प्रीपेड नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तो बँकेला जोडलेला असेल तर आधी बँकेत नंबर बदला.

कंपनी बदलूनही सुटत नाही अशी तक्रार असेल, पोर्टिंग विनाकारण नाकारलं असेल किंवा चुकीचं बिल लावलं असेल, तर सुरुवात १९८ पासून करा. हा फोन फुकट आहे. तक्रारीचा क्रमांक मागून वहीत लिहा, तारखेसह. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेकट्या माणसाची तक्रार सोडवत नाही, तिथं अर्ज करून वेळ घालवू नका. जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर १ एप्रिल २०२५ पासून पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना वाढीव मुदत मिळायला हवी. ती मिळाली का ते बघा, नसेल तर मागा. आणि ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. टेलिकॉमची भांडणं तिथं चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ रोजी, व्होडाफोन आयडियाच्या एका प्रकरणात, ती चालतात असा स्पष्ट निकाल दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. परभणीच्या जिल्हा आयोगात जाताना रिचार्जच्या पावत्या, १९०० वरून आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि ती तक्रार क्रमांकांची वही बरोबर घेऊन जा.